आयसीयूतल्या पेशंटचे सांधे धरू नयेत म्हणून: सोलापुरातल्या नातेवाइकांसाठी पायरीपायरीने

घरातलं माणूस आयसीयूत गेलं की सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर लागलेले असतात. श्वास कसा आहे, बीपी किती, लघवी किती झाली, आजचा रिपोर्ट काय आला. त्या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. मग बारा-पंधरा दिवसांनी श्वासाची नळी निघते, पेशंट वॉर्डात येतो आणि घरचे पुन्हा हबकतात. हात तोंडापर्यंत पोचत नाही. पाऊल खाली लोंबतंय. उभं केलं तर टाच जमिनीला टेकत नाही. आजार हटला, पण सांधे धरले.

हे क्वचित घडतं असं नाही. आयसीयूत दोन आठवडे किंवा जास्त राहिलेल्या पेशंटच्या नोंदी कॅनडात तपासल्या गेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या ३९ टक्के जणांचा निदान एक मोठा सांधा आखडलेला होता. सर्वांत जास्त वेळा आखडलेला सांधा कोपराचा होता आणि त्याखालोखाल घोट्याचा.

फिजिओथेरपिस्ट दिवसातून दोनदा आला आणि दर वेळी वीस मिनिटं दिली, असं धरा. उरतात २३ तास २० मिनिटं. एवढा वेळ हात-पाय ज्या स्थितीत पडून राहतात, त्याच स्थितीत ते घट्ट होत जातात. म्हणून या लेखात व्यायामाच्या आधी आणि व्यायामापेक्षा सविस्तर सांगितलंय ते हात-पाय कसे ठेवायचे, हे. तेवढं जरी नीट सांभाळलंत तरी मोठं काम झालं.

एक अट पाळायचीच. इथलं काहीही करण्यापूर्वी ते तुमच्या पेशंटवर फिजिओथेरपिस्टने एकदा करून दाखवलेलं हवं आणि प्रत्येक वेळी ड्यूटीवरच्या सिस्टरना विचारलेलं हवं. कालची परवानगी आज चालत नाही, कारण आयसीयूत पेशंटची तब्येत तासातासाला बदलते.

१. सांधा का धरतो

स्नायू आखूड स्थितीत पडून राहिला की काही दिवसांत त्याची लांबीच कमी होते. सांध्याभोवतीचं आवरणही हालचालीवाचून घट्ट होतं. त्यात स्नायू झपाट्याने वाळतात. लंडनमध्ये २०१३ साली झालेल्या एका अभ्यासात अत्यवस्थ पेशंटच्या मांडीच्या पुढच्या स्नायू सोनोग्राफीवर मोजला, तेव्हा दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. असा दुबळा स्नायू आखडलेल्या सांध्याला पुन्हा खेचून सरळ करू शकत नाही.

प्रत्येक सांध्याचं कारण वेगळं असतं. हात पोटावर दुमडून ठेवला की कोपर वाकलेलंच राहतं. उलट कोपराच्या खोबणीत सलाईनची सुई असली की तो हात कोणी वाकवत नाही आणि मग कोपर वाकेनासं होतं. पाऊल स्वतःच्या वजनाने खाली झुकतं आणि वर पांघरूण पडलं की आणखी झुकतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच असते, त्यामुळे खुबा सतत वाकलेला. बोटं सुजतात आणि सूज उतरेपर्यंत मुठीतच राहतात.

२. पहिल्या दोन दिवसांत काय विचारायचं

सिव्हिल असो वा खासगी रुग्णालय, बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी फाइलमध्ये ‘फिजिओथेरपी रेफरन्स’ लिहिल्यावरच फिजिओ येतात. काही आयसीयूंत हे आपोआप होतं, काही ठिकाणी गडबडीत राहून जातं. राउंडच्या वेळी शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, फिजिओथेरपी सुरू करता येईल का? नसेल तर कधीपासून?’

त्याच वेळी पुढच्या गोष्टींची ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरं वहीत लिहून घ्या:

- मान, पाठ किंवा कंबरेच्या मणक्याला मार आहे का? कुठे फ्रॅक्चर आहे का?
- पायाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे का, किंवा तशी शंका आहे का?
- जांघेत डायलिसिसची किंवा दुसरी नळी आहे का? असेल तर तो खुबा किती वाकवायचा?
- मनगटात बीपी मोजायची नळी आहे का?
- डोक्यात दाब वाढलेला आहे का? मान आणि डोकं कसं ठेवायचं?
- कोणता हात, कोणता पाय अजिबात हलवायचा नाही?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

घरातले दोघंच जण नेमा, एक सकाळसाठी आणि एक संध्याकाळसाठी. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून पेशंट आलेला असतो, भेटायला गावच्या गाव येतं आणि प्रत्येकाला हात लावावासा वाटतो. माया समजते, पण सांध्यांना शिकलेले दोन हातच पुरेत.

३. काय आणून ठेवायचं

महागडं काही लागत नाही. उलट निम्मं सामान सोलापूरकरांच्या घरात असतंच.

- मोठे टेरी टॉवेल ४ आणि हात पुसायचे छोटे ४. वापरलेले, धुऊन मऊ झालेले आणा. नव्याला खळ असते आणि तो कातडीला घासतो. सोलापुरी टॉवेलचे टाके उभे असल्याने त्याची गुंडाळी पलंगावर घसरत नाही, हा मोठा फायदा.
- चपट्या उशा ३, धुता येणाऱ्या खोळींसह.
- पांघरायला पातळ सुती चादर. जाड सोलापुरी चादर घरीच ठेवा, कारण पुढे वाचाल.
- नेलकटर, वही, पेन.

स्प्लिंट (सांधा ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार), पायाचे बूट वगैरे मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. माप चुकलं तर टाचेला जखम होते. फिजिओ सांगतील तेव्हा आणि तेच घ्या.

अंगठ्या, बांगड्या, जोडवी, मनगटातला गंडा, पायातला काळा दोरा पहिल्याच दिवशी काढून घ्या. मन तयार होत नाही हे खरं, पण दोन दिवसांत हात सुजला की अंगठी कापून काढावी लागते आणि दोरा कातडीत रुततो. काढलेलं देवाजवळ ठेवा.

४. हात लावण्यापूर्वी

हाताला सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत चोळा; हात मळलेले दिसत असतील तर साबणाने ४० ते ६० सेकंद धुवा. तुमचं घड्याळ, अंगठी, कडं काढा.

वेळ सिस्टरना विचारून ठरवा. नाकातल्या नळीतून आहार नुकताच दिला असेल तर थांबा. वेदनेचं औषध द्यायचंच असेल तर ते दिल्यावर अर्ध्या तासाने हालचाल केलेली बरी. झोपेचं औषध सकाळी थोडं कमी करतात, ती वेळ सर्वांत चांगली, कारण पेशंट थोडीफार साथ देतो.

आता मॉनिटरवरचे तीन आकडे वहीत लिहा: नाडी, बीपी आणि ऑक्सिजन. तुम्ही थांबायचं की नाही, हे या आकड्यांवरून ठरणार आहे. साधारणपणे ऑक्सिजन ९० च्या वर आणि बीपीच्या खाली कंसात दिसणारा सरासरी आकडा ६५ च्या वर असावा. तुमच्या पेशंटसाठी डॉक्टरांनी वेगळे आकडे सांगितले असतील तर तेच खरे.

मग नळ्या. जो हात किंवा पाय हलवणार त्यावरची प्रत्येक नळी कातडीपासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने पाहा. कुठे अडकलीय का, पलंगाच्या कठड्यात गुंतलीय का, हात वर नेला तर ताणली जाईल का. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या वर उचलायची नाही. तोंडातली श्वासाची नळी ओठाजवळ कितव्या आकड्यावर आहे तो सिस्टरनी लिहून ठेवलेला असतो. हालचालीनंतर तो तेवढाच आहे ना, हे त्यांना बघायला सांगा. कूस बदलणं हे नेहमी स्टाफचं काम आणि त्या वेळी नळी एका जणाने धरून ठेवलेली हवी. तिथे हात घालू नका.

५. हात-पाय कसे ठेवायचे

दर दोन तासांनी स्टाफ पेशंटची कूस बदलतो. त्यानंतर खालच्या गोष्टी नीट आहेत का, एवढं पाहायचं. कोणतीही एक स्थिती, कितीही चांगली असली तरी, दिवसभर ठेवायची नाही.

*पाऊल.* जाड चादर घरी का ठेवायची, ते इथे. आपली चादर ऊबदार आणि वजनदार असते. ती पावलांवर ताणून गादीखाली खोचली की तिचं सगळं वजन पायाच्या बोटांवर येतं आणि पंजा खाली दाबला जातो. दिवसाचे वीस तास हेच चाललं की पोटरी आखडते. म्हणून पांघरूण घोट्याच्या वरच संपवा, किंवा पायाकडे सैल सोडा. एप्रिल-मे महिन्यांत तर त्याची गरजही नसते. पाऊल पायाशी काटकोनात हवं, म्हणजे तळवा भिंतीकडे आणि बोटं छताकडे.

टाच गादीला टेकू देऊ नका. चपटी उशी पोटरीखाली लांबीत ठेवा, गुडघ्याच्या जरा खालपासून घोट्याच्या वरपर्यंत, म्हणजे टाच अधांतरी राहते आणि पायाचं वजन पूर्ण पोटरीवर विभागलं जातं. मधुमेह असेल तर रोज दोन्ही टाचा उजेडात पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा होत नसेल तर लगेच सिस्टरना दाखवा.

*खुबा आणि मांडी.* बेशुद्ध माणसाचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो. दिसायला साधं, पण त्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गादीवर दाबली जाते आणि पंजा लुळा पडतो. उपाय टॉवेलचा. मोठा टॉवेल लांबीत एकदा दुमडा. स्टाफ पेशंटला कुशीवर वळवील तेव्हा त्याची एक कड कमरेच्या आणि मांडीच्या खाली सरकवा. पेशंट पाठीवर आला की बाहेर राहिलेला भाग खालच्या बाजूने, मांडीकडे, घट्ट गुंडाळत न्या. गुंडाळी कमरेच्या हाडापासून अर्ध्या मांडीपर्यंतच हवी. गुडघ्यापर्यंत नेली तर जी नस वाचवायची तीच दाबली जाते. बरोबर जमलं की नाही हे कसं ओळखायचं? गुडघ्याची वाटी छताकडे पाहते.

*गुडघा.* ‘आराम वाटेल’ म्हणून गुडघ्याखाली उशी कोंबतात. तासाभराला ठीक, पण रात्रंदिवस ठेवली तर गुडघा आणि खुबा दोन्ही वाकलेले धरतात आणि उठल्यावर पेशंट सरळ उभाच राहू शकत नाही. पोटरीखालची उशी वेगळी आणि गुडघ्याखालचा गठ्ठा वेगळा, एवढं लक्षात ठेवा. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवलेली असते ती फुप्फुसात आहार जाऊन न्यूमोनिया होऊ नये म्हणून. ती स्वतःहून खाली करायची नाही. खुबा सरळ राहावा म्हणून दिवसातून काही वेळ पलंग आडवा करता येईल का, हे डॉक्टर ठरवतात.

*खांदा आणि कोपर.* हात छातीशी चिकटून राहू देऊ नका. काखेत छोट्या टॉवेलची चपटी घडी आणि हाताखाली उशी, हात शरीरापासून ३० ते ४५ अंश बाहेर. दोन तास कोपर सरळ आणि तळहात वर, पुढचे दोन तास कोपर थोडं वाकलेलं. कोपराच्या आतल्या बाजूची नस कठड्यावर किंवा कडक गादीवर दाबली जात नाही ना, हे पाहा. खोबणीतल्या सुईची जागा बदलायची वेळ आलीच असेल तर ती हातावर पुढे कुठे लावता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

*बोटं.* हात सुजलेला असेल तर तो उशीवर हृदयापेक्षा थोडा वर ठेवा. तळहातात मऊ टॉवेलची सुरळी देण्याची पद्धत आहे, पण ज्यांचे स्नायू ताठ होतात, उदाहरणार्थ पक्षाघात किंवा डोक्याला मार, त्यांच्यात मऊ सुरळीने मूठ आणखी आवळली जाऊ शकते. त्यांना स्प्लिंट लागतो: मनगट २० ते ३० अंश मागे, बोटं मुळाशी वाकलेली आणि पुढे सरळ, अंगठा तळहातापासून दूर. मूठ उघडून तळहात रोज पुसा, कोरडा करा, नखं कापा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद मुठीत घाम साचतो आणि दोन दिवसांत कातडी सोलते.

*मान.* व्हेंटिलेटर ज्या बाजूला, त्याच बाजूला डोकं वळलेलं राहतं. नाक आणि बेंबी एका रेषेत आहेत का बघा आणि नसतील तर सिस्टरना सांगा. स्वतः डोकं फिरवू नका.

६. सांधे फिरवणं

एक हात सांध्याच्या वर धरायला, दुसरा खाली हलवायला. बोटांच्या टोकांनी चिमटीत न पकडता पूर्ण तळहाताने आधार द्या. एका बाजूला न्यायला तीन-चार सेकंद, परत आणायला तेवढेच. प्रत्येक सांधा ५ ते १० वेळा, दिवसातून एक-दोनदा. पहिला विरोध लागतो तिथे थांबायचं, क्षणभर धरायचं आणि परत यायचं. झटका नाही, हिसका नाही. दोन्ही बाजू मिळून १५ ते २० मिनिटं लागतात. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याला आधी सांगा: ‘दादा, आता उजवा हात वर घेतेय.’ ऐकू येत असतं, कित्येकदा.

*खांदा.* एक हात कोपराच्या वर, दुसऱ्याने मनगटाला आधार. अंगठा वरच्या दिशेला ठेवून हात समोरून उचला, तो छताकडे सरळ उभा राहिला म्हणजे ९० अंश झाले. त्यापुढे फक्त फिजिओ नेतील, कारण खांद्याचं फावडं (खांद्यामागचं चपटं हाड) सोबत फिरवावं लागतं, नाहीतर आतले स्नायूबंध चिमटतात. मग कोपर कमरेशी ठेवून, काटकोनात वाकवून, हाताचा पुढचा भाग दार उघडल्यासारखा बाहेर न्या. ही हालचाल सर्वांत आधी हरवते. ती गेली की केस विंचरता येत नाहीत, शर्टाच्या बाहीत हात जात नाही. पक्षाघाताच्या बाजूचा हात मनगटाला धरून कधीही ओढू नका, खांदा सांध्यातून उतरतो.

*कोपर.* पूर्ण सरळ, मग बोटं खांद्याला लागेपर्यंत वाकवा. कोपर वाकलेलं ठेवून तळहात वर-खाली फिरवा. घास घ्यायला आणि तोंड धुवायला हीच हालचाल लागते.

*मनगट आणि बोटं.* मनगटात बीपीची नळी असेल तर ते मनगट सोडून द्या. नसेल तर मागे-पुढे, मग बोटं एकेक करून सरळ आणि वाकडी, शेवटी अंगठा तळहातापासून दूर. भाकरी मोडायला, विडी वळायला, साडीच्या निऱ्या काढायला अंगठ्याची ही फाक लागते. घाईत तोच राहून जातो. मानेच्या मणक्याला मार लागून हात-पाय गेले असतील तर मनगट मागे आणि बोटं सरळ हे दोन्ही एकदम करू नका. त्या पेशंटला बोटांचा थोडा आखडलेपणा पुढे वस्तू पकडायला उपयोगी पडतो. तिथे फिजिओ सांगतील तेवढंच.

*खुबा आणि गुडघा.* एक हात गुडघ्याखाली, दुसऱ्यात टाच. गुडघा पोटाकडे वाकवत आणा, ९० अंशांपर्यंत; मग हळूच पूर्ण सरळ. नंतर पाय बाहेरच्या बाजूला साधारण ३० अंश आणि परत मध्यावर. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर ९० च्या पुढे वाकवायचा नाही आणि एक पाय दुसऱ्यावरून न्यायचा नाही. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, एसटीची पायरी चढणं हे सगळं या दोन सांध्यांवर आहे.

*घोटा.* इथे सर्वांत जास्त चूक होते, म्हणून सावकाश वाचा. गुडघा सरळ ठेवा, कारण पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि गुडघा वाकला की तो सैल पडतो. टाच तुमच्या तळहातात वाटीसारखी धरा. मनगटापासून कोपरापर्यंतचा तुमचा हात पेशंटच्या तळव्याला लागू द्या. आता टाच स्वतःकडे खाली ओढत, तुमचं अंग पेशंटच्या डोक्याच्या दिशेने थोडं झुकवा. पंजा आपोआप वर येईल. २० ते ३० सेकंद तसंच धरा, सोडा. असं तीन-चार वेळा. मग हेच गुडघा थोडा वाकवून करा, खोलातल्या स्नायूसाठी. नुसती बोटं धरून वर दाबली तर पाऊल मध्यभागी दुमडतं, टाच जागची हलत नाही. पाहणाऱ्याला वाटतं घोटा छान हलतोय, पोटरी मात्र होती तेवढीच आखूड राहते.

७. लगेच कधी थांबायचं

ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, किंवा चार अंकांनी उतरला आणि वर येत नाही. नाडी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा २० ने वाढली किंवा १३० च्या पुढे गेली. बीपीचा सरासरी आकडा ६५ च्या खाली आला. व्हेंटिलेटर पुन्हा पुन्हा वाजतोय. कपाळाला आठ्या, दात आवळलेले, डोळे मिटून घट्ट, अंगाला घाम. बोलता न येणाऱ्या पेशंटची वेदना अशीच दिसते. हात सोडा, पूर्वस्थितीत ठेवा, सिस्टरना बोलवा. आकडे पुन्हा पहिल्यासारखे झाले तरी पुढे चालू ठेवायचं का, हे त्यांना ठरवू द्या.

८. पेशंट जागा होऊ लागला की

पाच साध्या सूचना देऊन फिजिओ पाहतात: डोळे उघडा-मिटा, माझ्याकडे बघा, तोंड उघडून जीभ बाहेर काढा, मान हलवा, मी पाच मोजल्यावर भुवया वर करा. इथे सोलापुरात एक गोम आहे. पूर्व भागातल्या आजी घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नड. औषधाच्या गुंगीत मराठी किंवा हिंदी सूचना कळत नाही आणि ‘पेशंट प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद होऊन बसते. फिजिओंना आधीच सांगा आणि सूचना तुम्ही घरच्या भाषेत द्या: तेलुगूत ‘चेय्यी एत्तंडी’, कन्नडमध्ये ‘कै एत्तरी’. चष्मा आणि कानाचं यंत्र लावा.

आता तुमची भूमिका बदलते. हात तुम्ही उचलायचा नाही; पेशंट जेवढा उचलेल तेवढा उचलू द्या आणि उरलेल्याला आधार द्या. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांतले अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले तेव्हा नुसतं ताणल्याने सांध्याची हालचाल सांगण्याइतकी वाढलेली दिसली नाही. स्वतः केलेल्या पाच हालचाली म्हणूनच मोलाच्या. अमेरिकेतल्या १०४ पेशंटच्या, २००९ सालच्या अभ्यासात झोपेचं औषध थांबवून व्हेंटिलेटरवर असतानाच लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के जण रुग्णालयातून निघताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीत हा आकडा ३५ टक्के होता.

म्हणून जास्तीत जास्त करावं का? नाही. २०२२ साली ७५० पेशंटवर झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीपेक्षा जोराने आणि जास्त वेळ हालचाल दिलेल्या गटाला वेगळा फायदा झाला नाही, उलट नाडी-बीपी बिघडण्याचे प्रकार वाढले. पेशंट दमला की त्या वेळचं काम संपलं.

९. हमखास होणाऱ्या चुका

सुजलेल्या पोटरीला तेल लावून मालिश. पायाच्या शिरेत गाठ झालेली असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीव जाऊ शकतो. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड, गरम किंवा दुखरी वाटली तर तिला हातही लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. तेलाने हात निसटतो आणि चिकटपट्ट्या सुटतात, हे वेगळंच.

आखडलेला सांधा जोर लावून सोडवणं. डोक्याला किंवा मणक्याला मार, किंवा मोठं भाजणं, यांत सांध्याभोवतीच्या मऊ भागात हाड तयार होऊ शकतं, बहुधा खुब्याजवळ किंवा कोपराजवळ. हालचाल अचानक कमी झाली, जागा गरम आणि सुजलेली असली तर सगळं थांबवून डॉक्टरांना सांगा.

गरम पाण्याची पिशवी. गुंगीतल्या किंवा संवेदना गेलेल्या पेशंटला चटका कळत नाही. मोठे फोड येईपर्यंत कोणाला समजत नाही.

काखेत हात घालून वर ओढणं. पेशंट खाली सरकला की नातेवाईक हे करतातच. खांदा जातो. चादरीसकट सरकवायचं असतं आणि ते स्टाफ करतो.

हातात स्पंजचा चेंडू देऊन दिवसभर दाबायला लावणं. मुठीचे स्नायू आधीच जोरात असतात. उघडणाऱ्या स्नायूंना काम हवं असतं.

१०. आयसीयूतून बाहेर पडताना

प्रत्येक मोठ्या सांध्याची हालचाल फिजिओंकडून अंशांत मोजून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. ‘सांधे ठीक’ एवढं पुरत नाही. ‘डावं कोपर २० ते ११०, उजवा घोटा काटकोनाला १० अंश कमी’ असं लिहिलेलं असलं म्हणजे गावाकडच्या फिजिओला कुठून सुरुवात करायची ते कळतं आणि महिन्याने सुधारणा मोजता येते. स्नायूंची ताकद ६० पैकी किती, हेही विचारा. ४८ च्या खाली असेल तर आयसीयूतून आलेली अशक्तता धरली जाते आणि घरी गेल्यावरही व्यायाम बरेच दिवस लागतात.

सोबत ठेवायची कागदपत्रं:

- डिस्चार्ज कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- एक्स-रे, सीटी, नसांची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट
- फिजिओथेरपीच्या नोंदी आणि घरी करायच्या व्यायामांचा कागद
- चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणारी
- रेशनकार्ड आणि आधार, पेशंटचं आणि कुटुंबप्रमुखाचं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमच्या पेशंटच्या आजाराच्या पॅकेजमध्ये नंतरची तपासणी आणि फिजिओथेरपी धरली आहे का, हे त्यांना भरतीच्या दिवशीच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी खिडकीवर उभं राहून विचारलं तर उशीर झालेला असतो.

घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी एकच गोष्ट पाहा. पेशंटला खुर्चीवर बसवा, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा आणि टाचेखाली वहीचं पान सरकवून बघा. पान आत गेलं तर टाच टेकत नाहीये. त्याच आठवड्यात फिजिओला दाखवा, कारण नुकताच आखडलेला घोटा व्यायाम आणि स्प्लिंटने सुटू शकतो. तो जुना झाला की प्लास्टर किंवा ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते.